शुगर, बीपी किंवा स्टेंट असताना आयुर्विमा: कागद आधी, अर्ज नंतर

‘शुगर आहे ना, मग टर्म प्लॅन विसरा’ हे वाक्य नाशिकमध्ये सातपूरच्या कारखान्यात ऐकू येतं आणि पिंपळगावच्या द्राक्षबागेतही. टर्म प्लॅन म्हणजे बचत नसलेला, फक्त मृत्यूनंतर पैसे देणारा आयुर्विमा. तो मिळतच नाही हे खरं नाही. औषधांनी आटोक्यात असलेला मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, सौम्य दमा असलेल्यांना आयुर्विमा मिळतो. कधी नेहमीच्याच हप्त्यात मिळतो, बहुतेकदा थोडा जास्त हप्ता भरून. अडतं ते दोनच ठिकाणी. एक तर तयारी न करता घाईने अर्ज केला जातो आणि तो नाकारला जातो. नाहीतर अर्जात आजार लपवला जातो, पॉलिसी मिळते आणि पैसे मिळायची वेळ आली की बायकामुलांच्या हाती नकाराचं पत्र येतं.

आधी एक गोंधळ दूर करू. मेडिक्लेममध्ये आधीच्या आजारासाठी प्रतीक्षाकाळ असतो, जास्तीत जास्त 3 वर्षांचा. आयुर्विम्यात तसं काही नसतं. कंपनीने आजाराची माहिती घेऊन, हप्ता ठरवून पॉलिसी दिली की त्याच आजाराने मृत्यू आला तरी पहिल्या वर्षापासून पूर्ण रक्कम द्यावी लागते. आत्महत्येची पहिल्या 12 महिन्यांची अट वेगळी, आणि काही छोट्या योजनांत सुरुवातीचे 30 किंवा 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूचं कवच असतं. म्हणून ‘सांगितलं तर त्या आजाराचे पैसे मिळणार नाहीत’ ही भीती बाळगून गप्प बसण्यात काहीच अर्थ नाही. पैसे अडकतात ते न सांगितल्यामुळे.

घाईचा अर्ज का महागात पडतो

जवळपास प्रत्येक प्रपोजल फॉर्ममध्ये एक प्रश्न असतो: तुमचा प्रस्ताव पूर्वी कुठल्या कंपनीने नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर स्वीकारला आहे का? एकदा नकार आला की पुढच्या प्रत्येक अर्जात तो लिहावा लागतो, आणि पुढच्या कंपनीचा अंडररायटर, म्हणजे जोखीम तपासून निर्णय घेणारा अधिकारी, फाइल उघडतो तेव्हा त्याची नजर पहिल्यांदा तिथेच जाते. एचबीए1सी 9.2 असताना अर्ज टाकून नकार ओढवून घेण्यापेक्षा तीन महिने औषध, आहार आणि चालणं सांभाळून ती 7.5 च्या खाली आणावी आणि मग अर्ज करावा. ही तपासणी मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे आठवडाभर गोड बंद केल्याने आकडा हलत नाही.

थांबायचं म्हणजे उघड्यावर राहायचं नाही. मधल्या काळात आरोग्य तपासणी न मागणारी कवचं घेऊन ठेवा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजनेत 18 ते 50 वयाच्या कुठल्याही बँक किंवा पोस्ट खातेदाराला वर्षाला 436 रुपयांत 2 लाखांचं कवच मिळतं. पहिले 30 दिवस अपघाताखेरीज दावा नाही, आणि हप्ता भरत राहिल्यास कवच 55 वयापर्यंत चालतं. योजनेचं वर्ष 1 जून ते 31 मे असतं. मध्येच घेतल्यास हप्ता कमी लागतो, मार्च ते मे या तिमाहीत 114 रुपये. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीत नोकरी असेल आणि पीएफ कापला जात असेल, तर ईडीएलआय या पीएफसोबतच्या विमा योजनेत 7 लाखांपर्यंत विमा आधीच आहे. त्याचा पैसा मालक भरतो, तब्येतीचा प्रश्न कुणी विचारत नाही. फक्त पीएफच्या पोर्टलवर ई-नॉमिनेशन केलेलं आहे का ते आजच बघा. कंपनीचा ग्रुप टर्म विमा असेल तर त्यातही ठरावीक रकमेपर्यंत तपासणी लागत नाही. पण नोकरी सुटली की तो विमाही सुटतो, त्यामुळे पूर्ण भिस्त त्यावर ठेवू नये.

फाइल कशी लावायची

अंडररायटर तुम्हाला बघत नाही, कागद बघतो. शुगर किंवा बीपीसाठी ही फाइल: आजार कधी कळला तो पहिला रिपोर्ट किंवा चिठ्ठी, सध्याच्या औषधांची नावं आणि मात्रा, गेल्या वर्षभरातले किमान दोन एचबीए1सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, लघवीची तपासणी आणि एक ईसीजी. मधुमेह दहा वर्षांहून जुना असेल तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी आणि लघवीतील मायक्रोअल्ब्युमिनही करून ठेवा. जुन्या मधुमेहात कंपनीला शुगरच्या आकड्याइतकीच किडनी आणि डोळ्यांची काळजी असते.

हृदयविकारात अँजिओग्राफीचा रिपोर्ट, अँजिओप्लास्टी किंवा बायपासचं डिस्चार्ज कार्ड आणि अलीकडचे टू-डी इको व स्ट्रेस टेस्ट. कर्करोगात बायोप्सीचा हिस्टोपॅथॉलॉजी रिपोर्ट, स्टेज, शेवटच्या उपचाराची तारीख आणि त्यानंतरच्या फॉलो-अपच्या नोंदी. थायरॉइडला टीएसएचचे एक-दोन रिपोर्ट पुरतात.

गावाकडे नेहमी दिसणारा प्रकार असा: गोळ्या चार वर्षं चालू आहेत, पण थेट मेडिकलमधून. चिठ्ठी कुठेच नाही. अशा वेळी एकदा एमडी फिजिशियनकडे जाऊन तपासून घ्या आणि लेटरहेडवर लिहून घ्या: निदान, अंदाजे किती वर्षांपासून, कोणती औषधं, आटोक्यात आहे की नाही, कुठला अवयव बाधित आहे का. हा एक कागद फाइलचा कणा होतो. काढा किंवा आयुर्वेदिक गोळ्या चालू असतील तर तेही उपचारच. ‘कुठलंही औषध चालू नाही’ असं लिहून चालणार नाही.

आता डिस्चार्ज कार्ड नीट वाचा. बरेच दावे ज्या ओळीवर अडकतात ती ओळ इथे असते. अॅडमिट करताना निवासी डॉक्टर नातेवाइकांना विचारतो, ‘शुगर किती दिवसांपासून?’ कुणीतरी घाबरत सांगतं, ‘झाली असतील आठ-दहा वर्षं.’ केसपेपरवर उमटतं: मधुमेह, 10 वर्षं. प्रत्यक्षात निदान तीन वर्षांपूर्वीचं असतं. तसंच लग्नाकार्यात घेणाऱ्याच्या नावापुढे ‘दीर्घकालीन मद्यपान’ लागतं. पुढे दाव्याच्या चौकशीला आलेला माणूस नेमका हाच कागद हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागातून नेतो. चूक असेल तर तुम्ही हयात असताना, उपचार करणाऱ्या डॉक्टरला पहिल्या निदानाचा रिपोर्ट दाखवून दुरुस्तीचं पत्र घ्या. मूळ नोंदीत खाडाखोड करा असं कुणालाच सांगू नका, वेगळं सहीशिक्क्याचं पत्र हवं. भरती रुग्णाच्या नोंदी डॉक्टरांनी 3 वर्षं ठेवायच्या आणि मागितल्यास 72 तासांत द्यायच्या, असा वैद्यकीय परिषदेचा 2002 चा नियम आहे. सिव्हिल असो, आडगावचं मेडिकल कॉलेज असो की सातपूरचं ईएसआय, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

उत्पन्नाचा पुरावाही याच फाइलमध्ये. निफाड-दिंडोरीकडच्या बागायतदारांचं इथे हमखास अडतं. शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून रिटर्न भरलेलं नसतं, आणि सातबारा जमीन दाखवतो, उत्पन्न नाही. एक कोटीचं कवच हवं असेल तर दोन-तीन वर्षं शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरणं उपयोगी पडतं. सोबत व्यापाऱ्याच्या पट्ट्या आणि त्यांच्याशी जुळणारं बँक स्टेटमेंट ठेवा. मालाचे रोखीत घेतलेले पैसे अंडररायटरच्या लेखी नसल्यासारखेच.

कुठल्या आजाराला काय उत्तर येतं

प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी असते, पण रोख साधारण सारखा असतो. गोळीने 130-80 च्या आसपास राहणारा रक्तदाब आणि आटोक्यातलं थायरॉइड बहुतेकदा नेहमीच्या किंवा किंचित जास्त हप्त्यात जातं. टाइप 2 मधुमेहात निदानाचं वय महत्त्वाचं. पन्नाशीत लागलेला मधुमेह कंपनीला तिशीत लागलेल्यापेक्षा कमी जोखमीचा वाटतो. इन्सुलिन चालू असेल तर पर्याय कमी होतात, आणि मधुमेहासोबत तंबाखू असेल तर फारच कमी. टीबीला उपचार पूर्ण होईपर्यंत पुढे ढकलतात. अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर पहिले काही महिने कुणीच हात लावत नाही. त्यानंतरही शुद्ध टर्म प्लॅनसाठी मोजक्याच कंपन्या तयार होतात. कर्करोगात उपचार संपून काही वर्षं गेलेली हवीत. डायलिसिस चालू असताना अर्ज करू नका, नकार ठरलेला आहे. एचआयव्हीबाबत 2017 चा कायदा आहे: विमागणिती, म्हणजे जोखमीच्या आकडेवारीचा, आधार असल्याशिवाय केवळ त्या कारणाने विमा नाकारता येत नाही.

वजनाचा वेगळा हिशोब लागतो. उंची 165 सेंमी आणि वजन 85 किलो म्हणजे बीएमआय 31.2. एकट्या वजनाला थोडं लोडिंग (जादा हप्ता), एकट्या बीपीला थोडं. पण वजन, बीपी, शुगर आणि वडिलांना पन्नाशीत झटका हे सगळं एकत्र आलं की बेरीज होत जाते. यातलं वजन कमी करणं बरंचसं तुमच्या हातात असतं.

जोखीम जास्त असल्यामुळे टर्म प्लॅन मिळतच नसेल, तर एंडोमेंटसारखी बचतीची पॉलिसी तुलनेने सहज मिळते, कारण तिच्यात कंपनीची जोखीम दरवर्षी कमी होत जाते. मात्र त्याच हप्त्यात कवच फारच तोकडं मिळतं. पाच लाखांच्या एंडोमेंटला ‘घराचा विमा झाला’ समजणं ही स्वतःची फसवणूक आहे. सरल जीवन बीमा ही सगळ्या कंपन्यांची एकसारखी साधी टर्म योजना, 5 ते 25 लाखांची, तीही विचारून बघावी. तिच्यात पहिले 45 दिवस फक्त अपघाती मृत्यूचं कवच असतं.

अर्जाआधीची विचारणा

हा टप्पा फार कमी लोक वापरतात. चांगला एजंट किंवा ब्रोकर तुमचं नाव न देता वय, आजार, औषधं आणि रिपोर्ट दोन-तीन कंपन्यांच्या अंडररायटिंग विभागाला पाठवून आधी कल्पना घेऊ शकतो. हा अर्ज नसतो, त्यामुळे नकाराची नोंद होत नाही. उत्तरही बंधनकारक नसतं, पण दिशा कळते. एजंट हे करायला तयार नसेल आणि ‘तुम्ही सही करा, बाकी मी बघतो’ म्हणत असेल, तर एजंट बदला. एलआयसीकडे जायचं असेल तर गोल्फ क्लब मैदानाजवळच्या विभागीय कार्यालयात जाण्याआधी विकास अधिकाऱ्याच्या हाताखालच्या अनुभवी एजंटाशी बोला. शुगरच्या केसेस त्यांनी रोज हाताळलेल्या असतात.

फॉर्म: सही तुमची, जबाबदारी तुमची

फॉर्म इंग्रजीत, भरतो एजंट, सही मराठीत. सहीखाली एक छोटा मजकूर असतो: ‘मजकूर मला माझ्या भाषेत समजावून सांगितला आहे.’ ती सही झाली की ‘एजंटाने विचारलंच नाही’ हे पुढे कुणी ऐकत नाही. म्हणून आरोग्याचा भाग ओळीने वाचून घ्या, मराठी फॉर्म मागा, किंवा घरातल्या शिकलेल्या मुलीला शेजारी बसवा. प्रश्न साधारण असे: कधी अॅडमिट झालात का, पाच वर्षांत आठवड्याहून जास्त उपचार घेतले का, आजारपणाने कामावर खाडे झाले का, आईवडील आणि भावंडांना कोणते आजार, दुसऱ्या कुठल्या पॉलिसी आहेत. ‘होय’ असेल तिथे तारीख, आजार, हॉस्पिटल आणि आजची स्थिती लिहा. जागा पुरत नसेल तर वेगळा कागद जोडा आणि फॉर्ममध्ये ‘सोबत जोडला आहे’ अशी नोंद करा.

इतर पॉलिसींचा रकाना किरकोळ समजू नका. 2019 साली सर्वोच्च न्यायालयाने रिलायन्स लाइफच्या एका प्रकरणात दावा नाकारणं योग्य ठरवलं, आणि तिथे लपवलेली गोष्ट आजार नव्हती. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या कंपनीची घेतलेली पॉलिसी होती.

तंबाखूच्या प्रश्नात सिगारेट नसली तरी चुना-तंबाखू, गुटखा आणि मशेरी येतात. रोज सकाळी मशेरी लावणाऱ्या आजींच्या वयाच्या बायकाच नव्हे, तिशी-चाळिशीतल्या बायकाही ‘नाही’ लिहितात. रक्त-लघवीच्या कोटिनिन तपासणीत (निकोटिनचा अंश शोधणाऱ्या) ते दिसतं. मद्याच्या प्रश्नात ‘कधीमधी’ हे उत्तर नको, प्रमाण लिहा. नाशिकची वाइन ही फळांचा रस नाही, तिचे ग्लासही मोजायचे.

फॉर्म भरल्यावर आणि पॉलिसी हातात येण्याआधी काही नवीन निघालं, समजा छातीत दुखून ईसीजी काढला, तर तेही कंपनीला लेखी कळवावं लागतं. पॉलिसी चालू झाल्यानंतर होणारे आजार कळवायची गरज नसते.

पहिल्या हप्त्यासाठी विमा-एएसबीए मागा. पैसे तुमच्याच खात्यात यूपीआयने अडकवून ठेवले जातात आणि प्रस्ताव मंजूर झाल्यावरच कापले जातात. आजारपणाच्या केसेसमध्ये परताव्याची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

तपासणीचा दिवस

खर्च कंपनी करते. उपाशीपोटी 10 ते 12 तास, पाणी चालतं. बीपीची गोळी रोजच्यासारखी घ्या, चुकवून जाऊ नका. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन उपाशी नमुना दिल्यानंतर, तुमच्या डॉक्टरला विचारून. आदल्या दिवशी जिममधली मेहनत किंवा बागेतलं जड काम टाळा, लघवीत प्रथिनं दिसू शकतात. ताप असेल, पाळी चालू असेल तर तारीख पुढे घ्या. चहा-तंबाखूनंतर लगेच बीपी मोजू देऊ नका, पाच मिनिटं शांत बसा, पहिला आकडा जास्त आला तर दुसऱ्यांदा मोजायला सांगा. आणि रिपोर्टवर सही करताना उंची-वजन बरोबर लिहिलंय का ते बघा. 165 ऐवजी 156 पडलं की बीएमआय 31 वरून 35 वर जातो आणि लोडिंगही.

व्हिडिओ किंवा फोनवरची तपासणी असेल तर ती रेकॉर्ड होते. गाडी चालवताना, दुकानात गिऱ्हाईक उभं असताना ‘नाही, नाही, नाही’ म्हणत तो कॉल उरकू नका. फाइल समोर ठेवून बसा आणि प्रश्न कळला नाही तर मराठीत विचारा. फॉर्ममध्ये एक आणि कॉलवर दुसरं, असं झालं की प्रस्ताव तरी अडकतो किंवा पुढे दावा.

काउंटर ऑफर आली तर

काउंटर ऑफर म्हणजे कंपनी जादा हप्त्यावर पॉलिसी द्यायला तयार होते. हा जादा हप्ता दोन पद्धतींनी लागतो. टक्क्यांत: मूळ हप्ता समजा 18,000 रुपये आणि लोडिंग 75 टक्के, तर 31,500. किंवा हजारी: 50 लाखांच्या कवचावर दर हजारामागे 3 रुपये म्हणजे वर्षाला 15,000 जादा. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आयुर्विम्यावर जीएसटी नाही, त्यामुळे त्यावर आणखी काही चढत नाही. लोडिंग सहसा पूर्ण मुदतीला लागू राहतं. क्रिटिकल इलनेस आणि हप्तामाफीचा रायडर (जोडकवच) बहुधा काढून टाकतात, त्यासाठी वाद घालून वेळ घालवू नका.

संमतीपत्रावर सही करण्याआधी कारण आणि तपासणीचे रिपोर्ट लेखी मागा. रिपोर्ट तुमच्या नेहमीच्या आकड्यांशी जुळत नसेल तर चांगल्या लॅबमधून पुन्हा करून फेरविचार मागता येतो. हप्ता झेपत नसेल तर आधी मुदत कमी करून बघा, 75 वयाऐवजी 60 पर्यंत. कर्ज फिटेपर्यंत आणि मुलं मार्गी लागेपर्यंतचं कवच पुरतं. चाळिशीतल्या शुगरवाल्याने लोडिंगवर रुसून पॉलिसी सोडणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. पुढच्या वर्षी वय एकने वाढलेलं असेल आणि शुगरही एक वर्षाने जुनी झालेली असेल.

‘पुढे ढकललं’ आणि ‘नाकारलं’ यात फरक आहे. पुढे ढकलताना कंपनी सहसा मुदत सांगते. ती मुदत संपायच्या आधी दुसरीकडे धावू नका.

गृहकर्ज घेताना बँकेच्या टेबलावर कागदांच्या गठ्ठ्यात जो विमा फॉर्म असतो, त्यावरही ‘मी पूर्ण निरोगी आहे’ असं घोषणापत्र असतं. तिथे बारा सह्यांबरोबर तेरावी सहीही होऊन जाते. शुगर असेल तर त्या पानावर थांबा आणि खरं लिहा, नाहीतर घर राहील आणि कर्जही राहील.

पॉलिसी आल्यावर

30 दिवसांचा फ्री-लुक काळ असतो, म्हणजे पॉलिसी पटली नाही तर परत करायची मुदत. पॉलिसीसोबत तुमच्या फॉर्मची प्रत येते, तिचं आरोग्याचं पान आधी उघडा. तुम्ही सांगितलेली शुगर तिथे ‘नाही’ झाली असेल तर त्याच दिवशी कंपनीला ईमेल करा, रिपोर्ट जोडा आणि दुरुस्तीचं उत्तर जपून ठेवा. हप्ता वाढेल कदाचित, पण पॉलिसी खरी होईल.

विमा कायद्याच्या कलम 45 नुसार पॉलिसीला 3 वर्षं पूर्ण झाली की कंपनी ती कुठल्याही कारणाने रद्द ठरवू शकत नाही. या तरतुदीचा आधार घेऊन ‘तीन वर्षं काढली की झालं’ असा सल्ला देणारे भेटतात. तीन वर्षं जगण्याची हमी असती तर विमा कशाला घेतला असता? शिवाय पॉलिसी लॅप्स होऊन पुन्हा चालू केली की ती 3 वर्षं नव्याने मोजली जातात, आणि पुनरुज्जीवनाला ताजं आरोग्य घोषणापत्र लागतं. तोवर शुगर जाऊन किडनीपर्यंत पोचलेली असेल तर कंपनी नाहीही म्हणू शकते. वार्षिक, सहामाही आणि तिमाही हप्त्याला 30 दिवस सवलत असते, मासिकला 15. बँकेतून आपोआप कपात लावा. पैसे हंगामात येणाऱ्या शेतकऱ्यांनी हप्त्याची तारीख द्राक्षाच्या किंवा कांद्याच्या पैशांनंतरची धरून पॉलिसी घ्यावी.

दावा अडला तर

साधा मृत्यू दावा 15 दिवसांत आणि चौकशी लागली तर 45 दिवसांत निकाली काढायचा असतो. 3 वर्षांच्या आतला मृत्यू असेल तर चौकशी होणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. म्हणूनच पॉलिसी, फॉर्मची प्रत आणि वैद्यकीय फाइल एकाच ठिकाणी ठेवून नॉमिनीला दाखवून ठेवा. माहिती लपवल्याचं कारण देऊन नकार आला तर कारणं लेखी मागा. फसवणुकीचा हेतू नसलेली चूक असेल तर भरलेले हप्ते नकारानंतर 90 दिवसांत परत मिळायला हवेत. आणि न सांगितलेली गोष्ट खरंच इतकी महत्त्वाची होती का, की कळली असती तर पॉलिसी दिलीच नसती, हे सिद्ध करायची जबाबदारी कंपनीवर आहे.

आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे आणि विमा नियामकाच्या विमा भरोसा पोर्टलवर तक्रार, 155255 वर फोनही करता येतो. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. नाशिक जिल्हा पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे येतो. 50 लाखांपर्यंतचे दावे ते बघतात, शुल्क नाही, वकील चालत नाही. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. ग्राहक आयोगाचा रस्ता निवडायचा असेल तर नाशिकच्या जिल्हा आयोगात 2 वर्षांच्या आत, पण एकाच वेळी दोन्हीकडे नाही. अर्जासोबत नकाराचं पत्र, फॉर्मची प्रत, पहिल्या निदानाचा रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डाच्या दुरुस्तीचं पत्र जोडा.